पंचवीस मिनिटांचं नांदेड

परवा अक्काची मुलगी नांदेडहून राहायला आली होती. दुपारची जेवणं झाल्यावर पोरगी गादीवर लोळत मोबाईल बघत होती, आणि मध्येच म्हणाली, "मावशी, लातूरच्या विमानतळावरून नांदेडच्या विमानतळावर जायला विमानाला किती वेळ लागतो, सांग बरं." मी ओटा पुसता पुसताच म्हटलं, "पंचवीस मिनिटं." ती उठूनच बसली. तिच्या मोबाईलनंही जवळपास तेच सांगितलं होतं, आणि मावशीला मोबाईलइतकं कळतं हे काही तिला पटेना. मी म्हटलं, त्या पंचवीस मिनिटांवर तुझ्या आईचं लग्न ठरलंय बाई, मला नाही माहीत तर कुणाला असणार. मी हे लिहितेय तेव्हा लातूरहून नांदेडला जाणारं विमान नाही. तरी मोबाईल अंतर सांगतो, वेळही सांगतो. आमचे अण्णा अगदी असेच होते. जायला काही साधन असो नसो, अंतर मात्र त्यांना तोंडपाठ असायचं.

अण्णा म्हणजे माझे वडील, लातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. आमचं घर डाळमिलच्या मागच्या गल्लीत होतं. मिल सुरू झाली की तिची घरघर फरशीतून पायात चढायची, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणायचे आणि दोरीवरच्या कपड्यांवर तुरीच्या टरफलांची पिवळट भुकटी येऊन बसायची. पाहुणे म्हणायचे, एवढ्या आवाजात तुम्ही झोपता तरी कसे? आम्हाला उलट मिल बंद पडली की जाग यायची. आई कपडे दोनदा झटकायची, एकदा दोरीवर आणि एकदा घडी घालताना, आणि दोन्ही वेळा मिलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पुढच्या खोलीत भिंतभर महाराष्ट्राचा नकाशा होता आणि त्याच्या खिळ्याला एक पांढरा दोरा लोंबकळत असायचा. कुणीही कुठल्याही गावाचं नाव काढलं की अण्णा उठायचे, दोऱ्याचं एक टोक लातूरवर धरायचे, दुसरं त्या गावावर ताणायचे आणि मग दोरा खालच्या मापाला लावून जाहीर करायचे, "हवाई अंतर अमुक किलोमीटर." दूधवाल्याचं गाव, बोहारणीचं गाव, शाळेत नव्यानं आलेल्या हेडमास्तरांचं गाव, सगळ्यांची हवाई अंतरं आमच्या घरात काढून झाली होती. त्यांचा उपयोग काय, असं विचारायची सोय नव्हती.

आईचं माप निराळं, आणि ते स्वयंपाकघरातलं होतं. चाकूर म्हणजे घरून पाणी पिऊन निघालं की पोचतो ते गाव. अहमदपूरला जाणाऱ्याच्या पिशवीत चिवड्याची पुडी जायची. नांदेड म्हटलं की धपाटे. पहाटेच ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, थोडं बेसन, तीळ, ओवा, वाटलेला लसूण आणि मिरची असं सगळं कालवून ती ओल्या फडक्यावर थापायला बसायची, आणि त्या थापण्याच्या आवाजावरून आम्हाला अंथरुणात कळायचं की आज कुणीतरी नांदेडकडं निघालंय. पुण्याला जाणाऱ्याला धपाट्यांवर दशम्या. आणि मुंबईला जाणाऱ्याला ती इतकं बांधून द्यायची की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस काही परत येत नाही. अण्णांचा दोरा आणि आईचा तवा यांचं कधी जमलं नाही. "तुमचं अंतर हवेतलं," ती म्हणायची, "माणसाला भूक लागती ती रस्त्यावर."

आणि रस्ता म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर एकच रस्ता असायचा. तिचं माहेर मुदखेड. लातूर सोडलं की चाकूर, अहमदपूर, लोहा, मग नांदेड आणि तिथून पुढं मुदखेड. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण सुनंदा, अंगावर पीत होती तेव्हाची गोष्ट. मुदखेडहून निरोप आला की आईची आई फार आजारी आहे. आई अक्काला कडेवर घेऊन एसटीत बसली. लोह्याच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली. दुसरं चाक येईपर्यंत दिवस कलला, पुढची गाडी चुकली, आणि ती मुदखेडला पोचली तेव्हा सगळं आटोपून माणसं घरी परतली होती. तिला आईचं तोंड दिसलं नाही. ही गोष्ट आम्ही दोघी बहिणी इतक्यांदा ऐकत आलो होतो की मधला कुठलाही शब्द गाळला तर आम्ही भरून दिला असता. शेवट ठरलेला असायचा. डोळ्यांना पदर लावून ती म्हणायची, "त्या रस्त्याच्या पल्याड मी माझी लेक देणार न्हाई."

असं असताना अक्काला स्थळ आलं ते नांदेडचंच. मुलगा पाटबंधारे खात्यात, नाव प्रमोद. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. तो मामाला घेऊन अक्काला बघायला आला. अक्काला तोवर जे जे बघून गेले होते ते सगळे पोहे फार छान झालेत असं सांगून गेले होते आणि पुन्हा फिरकले नव्हते. या मुलानं पहिला घास खाल्ला, पाण्याचा पेला उचलला आणि सरळ म्हणाला, "पोहे खारट झालेत." मामानं त्याला कोपरानं ढोसलं. अण्णा नकाशाकडे बघायला लागले. आणि आतल्या खोलीतून, जिथं अक्का मान खाली घालून बसली होती, तिथून फस्सकन हसण्याचा आवाज आला. आईनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी नळावर भांडी घासताना अक्का मला म्हणाली, "खरं बोलतो गं." मग जरा वेळानं पुन्हा म्हणाली, "खारटच झाले होते." मी लहान असले तरी एवढं मला कळलं की अक्काचं ठरलंय.

आईला मुलगा आवडला होता, पंचाईत हीच होती. नावं ठेवायला काही सापडेना. "पोरगा गुणाचा हाय," ती म्हणाली, "त्याला म्हणावं, बदली घे लातूरला." अण्णांनी समजावून पाहिलं, शेजारच्या काकूंनी पाहिलं, पण तिचं एकच पालुपद. तिकडं नांदेडहून होकार येऊन पडला होता आणि उत्तर द्यायला उशीर होत चालला होता. इकडं अक्काच्या ताटात भाकरी उरायला लागली. एक दिवस तिनं आईच्या हातातलं पीठ चाळायचं काम घेतलं आणि खाली बघतच म्हणाली, "तू न्हाई म्हणलीस तर मी ऐकीन. माझी काही तक्रार न्हाई. पण रस्त्यामुळं न्हाई म्हणू नको आई. त्या रस्त्यानं माझं काय वाईट केलंय?" आई उठून मागच्या दारात गेली आणि तिनं वाळलेले कपडे तिसऱ्यांदा झटकले.

त्याच दिवसांत लातूरला विमान यायला लागलं होतं. मुंबईहून निघायचं, लातूरला उतरायचं आणि तसंच पुढं नांदेडला जायचं. लहानसं, पंख्याचं विमान, पण ते आमच्या गल्लीवरून गेलं की मिलचे हमालसुद्धा पोतं खांद्यावर ठेवून वर बघायचे. अण्णांना जणू आयुष्यभराचा दाखला मिळाला. त्यांनी खिळ्यावरचा दोरा काढला, लातूर ते नांदेड ताणला आणि आईला बोलावून घेतलं. "हे बघ. मध्ये चाकूर न्हाई, अहमदपूर न्हाई, लोहा न्हाई. रस्ताच न्हाई मध्ये. घरून निघालं की पंचवीस मिनटात लेकीच्या दारात." आईनं दोऱ्याकडं बघितलं, मग अण्णांकडं. "मला बसवून दावा," ती म्हणाली, "मग बघू." अण्णांना हे अपेक्षित नव्हतं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि आतून अक्का कान देऊन ऐकत होती.

शेवटी ठरलं असं की आई, अण्णा आणि मी, तिघांनी विमानानं नांदेडला जायचं, मुलाचं घर बघायचं आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं परत यायचं. लग्न ठरायच्या आधी मुलीनं स्वतः जाऊन घर बघणं तेव्हा आमच्याकडं बरं दिसत नसे, म्हणून अक्का घरी आणि मी विमानात. याबद्दल ती मला अजून टोमणे मारते. निघायच्या दिवशी पहाटे थापण्याचा आवाज आला. अण्णा स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "अगं, पंचवीस मिनटाला धपाटे कशाला?" आई म्हणाली, "नांदेड हाय ना? मग झालं." रिक्षावाल्याला विमानतळ सांगितलं तर त्यानं विचारलं, "कोण येणार हाय, काका?" आम्हीच चाललोय म्हटल्यावर त्यानं आरशातून तिघांना नीट न्याहाळलं आणि वाटभर मोठ्या माणसांशी बोलावं तसा अदबीनं बोलत राहिला. विमानतळावर आईची पिशवी तपासली तेव्हा धपाटे पास झाले, पण विहिणीसाठी आणलेली लोणच्याची बरणी काही आत सोडेनात. आईनं वाद घातला नाही. ती तडक माघारी फिरली, बाहेर गिऱ्हाईकाची वाट बघत थांबलेल्या त्याच रिक्षावाल्याच्या हातात बरणी दिली आणि म्हणाली, "तेल वर येऊ द्या, मग खावा."

आत जाऊन बसलो. विमान काही येईना. मुंबईलाच उशीर झालाय, एवढंच सांगत होते. अण्णांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला. आई खुर्चीवर मांडी घालून बसली होती. मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चाकूर गेलं असंल." मला कळेना. ती सकाळच्या एसटीचा हिशेब करून राहिली होती. आम्ही त्या एसटीत बसलो असतो तर आता कुठं असतो, ते. अण्णांनी पेपरचं पान उलटलं. आणखी बराच वेळ गेला. "अहमदपूर आलं. चहाला उतरले असतील लोकं." अण्णांनी पुन्हा तेच पान उलटलं. मला हसू आवरेना म्हणून मी नळावर जाऊन पाणी पिऊन आले. "लोहा," आई म्हणाली, पण या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती, आणि मीही हसले नाही. तिनं पिशवीतून धपाटे काढले, तिघांत वाटले, शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थांनाही एक दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. खाऊन झाल्यावर ते अण्णांना म्हणाले, उशीर झाला ते बरंच झालं. आईला तेवढ्यानं बरं वाटलं.

विमानात आईला खिडकी मिळाली. वर जाताना तिनं माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्यांचे वळ माझ्या मनगटावर उठले. मग विमान सरळ झालं तशी तिची पकड सैल झाली आणि ती काचेला नाक लावून खाली बघायला लागली. खाली काळी रानं, मध्येच एखादं तळं, कुठं हिरवा तुकडा. अण्णांना आता पंख फुटले होते. ही अमकी नदी असावी, हा तमका तलाव, असं त्यांचं चाललं होतं आणि त्यातलं किती खरं होतं देव जाणे. आईचं लक्ष दुसरीकडं होतं. रानांमधून एक बारीक पांढरी रेघ चालली होती. "तो रस्ता का हो आपला?" तिनं विचारलं. अण्णा वाकून म्हणाले, "तोच." तेवढ्यात उतरायची सूचना झाली. आई दचकली. "एवढंच?" अण्णांची छाती फुगली. "एवढंच. मी काय सांगत होतो?" आई त्या रेघेकडे बघतच राहिली. "मग मला एवढा वेळ का लागला हो?" ती म्हणाली. अण्णांनी तोंड उघडलं, "गाडी पंक्चर..." असं म्हणायला सुरुवात केली आणि का कोण जाणे, गप्प झाले. त्यांचा तो चेहरा मला आजही दिसतो. तेव्हा मला वाटलं होतं, विमान खाली येतंय म्हणून त्यांना कसंतरी होतंय.

नांदेडला प्रमोदची आई, कमलबाई, आम्हाला घ्यायला आल्या होत्या. मुलगा ऑफिसातून परस्पर घरी येणार होता. विमानाच्या मूळच्या वेळेला त्या आल्या आणि तेव्हापासून बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसून होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आवाज खणखणीत. मांडीवर पिशवी, पिशवीत मेथी. आम्हाला बघून त्यांनी पदरावरच्या काड्या झटकल्या आणि म्हणाल्या, "या. चार जुड्या निवडून झाल्या. आणखी उशीर झाला असता तर इथं थांबलेल्या सगळ्यांची भाजी पण निवडून दिली असती." आईला हसू आलं. लातूरला बसून बसून वैतागलेली आई असं हसेल असं मला वाटलं नव्हतं.

घर लहान, नीटनेटकं. अण्णा आणि प्रमोद पुढच्या खोलीत बसले, आणि आम्ही बायका आत. मधे दाराला नुसता पडदा. कमलबाई भाकरी करायला बसल्या, आई शेजारी, मी लसूण सोलत होते. चुलीचा गॅस झाला होता पण परात, काठवट, सगळं जुनं. येसर मसाल्याच्या आमटीचा वास सुटला होता. आईनं एक भाकरी फुगून खाली उतरेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाली, "बाई, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"माझ्या लेकीला उद्या अचानक लातूरला जायचं झालं तर किती वेळ लागंल तिला?"

"आता ते तुम्हीच सांगा. एसटीनं चार तास धरतात. विमानानं काय, आज तुम्ही बघितलंच."

"पोचायला नव्हे बाई," आई म्हणाली. "निघायला."

कमलबाईंचा हात पिठात थांबला. आई त्यांच्याकडं न बघता, तव्याकडं बघून बोलत होती. "माझी आई गेली तेव्हा निरोप सकाळीच आला होता. लगेच निघाले असते तर मला ती भेटली असती. आमच्याकडं त्या दिवशी पाहुण्यांची पंगत होती. सासूबाई म्हणल्या, पंगत उठू दे, मग जा. वाईट न्हवत्या त्या. त्यांना वाटलं, एवढ्यात काय होतंय. मी वाढत राहिले. हेबी बसले होते पंगतीला. मी ह्यांच्या पानात वाढलं तेव्हा मला वाटलं, आता हे म्हणतील, तू जा. ह्यांनी आमटी मागितली. मग मी दुपारच्या गाडीनं निघाले, आन ती गाडी पंक्चर झाली." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "तवापासून मी रस्त्यालाच बोलते. रस्त्याला काय, कितीबी बोला."

मी लसणाची पाकळी हातात धरून बसले होते. एवढी वर्षं ऐकलेल्या गोष्टीत सकाळ कधीच नव्हती. ती नेहमी एसटीतच सुरू व्हायची. आई कुणाला वाचवत होती ते मला तेव्हा, त्या परक्या स्वयंपाकघरात कळलं, आणि तिची इतकी माया आली की मला रडू फुटलं. पडद्यापलीकडून अण्णांचा आवाज येत होता, तो बंद झाला होता. 

कमलबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. मग त्या म्हणाल्या, "आत्ता मी म्हणीन, लगेच जाऊ दीन. कोणतीबी सासू आत्ता हेच म्हणंल. तुमच्या सासूबाईपण म्हणल्या असत्या. मला खरंच मालूम न्हाई बाई, त्या वेळंला मी कशी वागीन. वेळ आली की बघा."

आईनं मान डोलावली आणि काठवटीतला एक गोळा स्वतःच्या हातात घेऊन थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. त्याच रस्त्यानं. अण्णा खिडकीशी बसले होते आणि वाटेतल्या एकाही नदीचं नाव त्यांनी सांगितलं नाही. लोह्याला गाडी थांबली, चहा आला. अण्णांनी कप हातात तसाच धरून ठेवला. "पानावरनं उठायला पायजे होतं मी," ते म्हणाले. आईनं त्यांच्याकडं बघितलं. "भरल्या पानावरनं उठत न्हाईत," ती म्हणाली. "उठायला पायजे होतं," अण्णा पुन्हा म्हणाले.  कमलबाईंनी बांधून दिलेली भाकरी आईनं सोडली, त्यावर चटणी घातली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "घरी गेल्यावर अक्काला तुम्हीच सांगा. मी एवढं न्हाई न्हाई म्हणले, आता मला लाज वाटती." मी मागच्या सीटवरून पुढं वाकले. "म्हणजे हो?" "हाव," आई म्हणाली. "त्या बाईनं शब्द दिला असता तर मी तिथंच न्हाई म्हणले असते. पोराला खरं बोलायची सवय कुठून लागली ते कळलं मला." अक्काला अण्णांनी सांगितलं तेव्हा ती नळावर गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासत बसली.

लग्न लातूरलाच झालं. मांडवात अण्णा भेटेल त्याला सांगत होते, लेक पंचवीस मिनिटांवर दिलीय. पुढं काही काळानं विमान यायचं थांबलं. का थांबलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. अण्णांना ते फार लागलं. जावयाला तोंड कसं दाखवायचं, असं म्हणण्यापर्यंत त्यांची मजल गेली, जणू विमान त्यांनीच हुंड्यात कबूल केलं होतं. आई त्यांना चिडवायची संधी सोडत नसे. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या घरात कुणाला उशीर झाला की आजही आम्ही म्हणतो, पंचवीस मिनिटं झाली का तुझी. आईनं मात्र विमानाची आठवण कधी काढली नाही. ती एसटीनं नांदेडला जायची, अक्का एसटीनं यायची, सणावाराला, माहेरपणाला, आधी ठरवून. तेव्हा सगळं नीटच असतं. फोनवर अक्काशी बोलताना आई तिच्या शब्दांपेक्षा मागचे आवाज ऐकत असायची, हे मला माहीत होतं. वेळ आली की बघा, असं कमलबाई, ज्यांना अक्का आता आत्या म्हणायची, म्हणाल्या होत्या, आणि ती वेळ यावी असं तर कुणालाच वाटत नव्हतं.

वेळ आली ती अण्णा होते तेव्हाच, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. आमच्याकडं वर्षातला सगळ्यांत मोठा सण. मुखवटे उभे केलेले, समोर फराळाची ताटं, सोळा भाज्या शिजायच्या होत्या, आणि सवाष्णी जेवायला यायच्या होत्या. आई पुरण वाटता वाटता एकदम बसली. चेहरा घामानं डबडबला आणि डावा हात धरून ती म्हणाली, "जरा बरं वाटत न्हाई." शेजाऱ्यांच्या गाडीत घालून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर आत घेऊन गेले. मी बाहेर फोन हातात घेऊन उभी राहिले. नांदेडलाही महालक्ष्म्या, तिकडंही सवाष्णी यायच्या, आणि त्या घरात राबणारी सून एकच. मी अण्णांना म्हटलं, "दुपारी करू का अक्काला फोन? तिकडचं जेवण उरकू दे." अण्णा बाकावर बसले होते ते उठून उभे राहिले. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आत्ता कर," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता कर."

दुपारपर्यंत आईचा धोका टळला. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा अण्णा भिंतीला टेकून उभे राहिले आणि चष्मा काढून नुसताच पुसत राहिले. आईला बोलायची परवानगी मिळाल्यावर तिनं पहिली चौकशी नैवेद्याची केली. मी म्हटलं, शेजारच्या काकू बघतायत, तू पडून राहा. ती डोळे मिटून पडली. आणि तेवढ्यात दार ढकलून अक्का आत आली. अंगावर जरीची साडी, पदर कमरेला खोचलेला तो तसाच, केसांची अर्धी वेणी, आणि कोपरापर्यंत पुरणाचे वाळलेले डाग. हातात पिशवीसुद्धा नव्हती. ती आईच्या पायाशी बसली आणि तिचे पाय दाबायला लागली. 

आईनं डोळे उघडले. तिनं अक्काला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिचे हात बघितले.

"आज जेवणाचा दिवस," ती म्हणाली. "नैवेद्य दावून आलीस?"

"न्हाई."

"सवाष्णी?"

"यायच्याच होत्या." अक्का पाय दाबतच राहिली. "फोन आला तवा मी पुरणच घाटत होते. म्हणलं, एवढं उतरवते आन निघते. आत्यांनी माझ्या हातातनं उलथणं काढून घेतलं. दंडाला धरून दारापर्यंत आणलं मला. म्हणल्या, महालक्ष्म्यांचं मी बघते, तू आईला बघ."

आई कितीतरी वेळ छताकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं उशीवरच मान वळवली. कोपऱ्यातल्या स्टुलावर अण्णा बसले होते.

"ऐकलं का?" ती म्हणाली. उभा जन्म ती त्यांना अशीच हाक मारत आली होती.

अण्णा उठले, तिच्या उशाशी आले आणि त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"ऐकलं," ते म्हणाले.